पीव्हीसी रिॲक्टरचं मॉडेल प्लँटशी जुळत नाही: केपी-केटीला हात लावण्याआधीच्या तपासण्या

सस्पेन्शन पद्धतीच्या, म्हणजे मोनोमरचे थेंब पाण्यात ढवळत ठेवून चालणाऱ्या, पीव्हीसी रिॲक्टरचं गणिती मॉडेल बसवताना एकच दुखणं पुन्हा पुन्हा वर येतं. मॉडेलचा कन्व्हर्जनचा (किती टक्के मोनोमरचं पॉलिमर झालं याचा) वक्र एकीकडे जातो, प्लँटच्या नोंदी दुसरीकडे. मग कोणीतरी केपी (साखळी वाढण्याचा वेग-स्थिरांक) थोडा वाढवतं, केटी (साखळी संपण्याचा वेग-स्थिरांक) थोडा उतरवतं, ती बॅच सुरेख जुळते आणि पुढच्या बॅचला सगळं पुन्हा विस्कटतं. यातल्या बहुतेक वेळा रसायनाचा दोष नसतो. हिशेबात कुठेतरी गळती असते, आणि स्थिरांक पिळून ती फक्त झाकली जाते. म्हणून खालचा क्रम स्वस्तापासून महागाकडे लावला आहे. पहिल्या तीन तपासण्या खुर्चीत बसून होतात.

लक्षणं

- वक्राचा आकार बरोबर, पण अख्खा वक्र १०-३० मिनिटं डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला.
- मॉडेलचा वेग प्लँटच्या जवळपास १.४ पट, ०.७ पट, ७.७ पट किंवा ६० पट. असा ठरावीक आकडा दिसला तर थेट तपासणी २ कडे जा.
- उष्णतेवरून काढलेलं कन्व्हर्जन शेवटी ९२ टक्के, आणि वाळवून तोललेल्या रेझिनवरून ८६.
- सुरुवातीचा तास जुळत नाही, नंतरचं ठीक. किंवा याच्या उलट.
- मॉडेलमध्ये प्रेशर ड्रॉप (मोकळा मोनोमर संपल्यावर रिॲक्टरचा दाब उतरू लागणं) प्लँटपेक्षा बराच आधी किंवा बराच उशिरा.
- कन्व्हर्जन जुळतं, पण के-व्हॅल्यू (साखळीच्या सरासरी लांबीचं माप) चुकते.
- रिॲक्टर साफ केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन बॅच जुळतात, मग हळूहळू फरक वाढत जातो.
- प्रेशर ड्रॉपच्या आसपास सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) अडखळतो किंवा मोनोमर ऋण दाखवतो.

आकडे डोळ्यांपुढे राहावेत म्हणून एक नमुना बॅच धरू: १०० घनमीटरचा रिॲक्टर, ३५ टन व्हीसीएम (व्हिनाइल क्लोराइड मोनोमर), ४५ टन पाणी, ५७ °से, इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारं रसायन) ईएचपी म्हणजे डाय-२-इथाइलहेक्झिल पेरॉक्सिडायकार्बोनेट, शुद्ध धरून १७.५ किलो. पॉलिमरायझेशनची उष्णता १,५४० किलोज्यूल प्रति किलो घेतली, तर १०० टक्के कन्व्हर्जनला एकूण ५३,९०० मेगाज्यूल होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी मोजदाद याच्याशीच आहे.

१. घड्याळ आणि नोंदी

काही न बदलता आधी कच्च्या नोंदी बघा. हिस्टोरियन (प्लँटच्या नोंदी साठवणारी संगणक प्रणाली) जागा वाचवण्यासाठी किरकोळ बदल गाळतो आणि मधले बिंदू सरळ रेषेने भरतो. जॅकेटचं (रिॲक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणाचं) तापमान पाच-पाच मिनिटं रुळासारखं सरळ आणि मग एकदम वळलेलं दिसलं, तर ती रेष हिस्टोरियनने ओढलेली आहे. नियंत्रण कक्षातून मूळ नमुने मागवा. पाच-दहा सेकंदांचा नमुना मिळाला तर उत्तम.

दुसरं म्हणजे शून्य वेळ. मॉडेलमध्ये शून्य म्हणजे ५७ °से आणि इनिशिएटर आत. प्लँटमध्ये कोणी इनिशिएटरचा पंप सुरू झाल्याची वेळ लिहितं, कोणी तापमान गाठल्याची. तापवण्याला ३० मिनिटं लागत असतील तर "अख्खा वक्र सरकलाय" ही तक्रार इथेच संपते. मॉडेलला खरा तापमानाचा वक्र द्या. ५७ हा एकच आकडा देऊन भागत नाही.

तिसरं, दाब गेज आहे की ॲबसोल्यूट. एक बारचा हा घोळ विनोदी वाटतो, पण तो सापडेपर्यंत कोणी हसत नाही.

२. एककं आणि व्याख्या

इथे थोडा वेळ काढा, कारण सर्वांत जास्त बिघाड इथेच सापडतात.

समाप्तीचा, म्हणजे साखळ्या संपण्याचा, वेग काही ठिकाणी केटी गुणिले रॅडिकलच्या (साखळी वाढवणाऱ्या क्रियाशील टोकांच्या) संहतीचा वर्ग असा लिहितात, काही ठिकाणी त्याच्यापुढे २ असतो. एका व्याख्येचा केटी उचलून दुसऱ्या समीकरणात घातला की एकूण वेग २ च्या वर्गमुळाने चुकतो: १.४१ पट जास्त किंवा ०.७१ पट कमी. कारण वेगाच्या सूत्रात केटी वर्गमुळाखाली बसतो. इनिशिएटरचंही तसंच. एका रेणूतून दोन रॅडिकल निघतात, ते दोन समीकरणात धरलेत की कार्यक्षमतेच्या गुणांकात आधीच मिसळलेत, ते एकदा लिहून ठेवा.

मिनिट आणि सेकंदाचा घोळ ओळखायला सोपा असतो. फक्त केपी मिनिटात राहिला तर ६० पट. फक्त केडी (इनिशिएटर फुटण्याचा वेग-स्थिरांक) मिनिटात राहिला तर ६० चं वर्गमूळ, म्हणजे ७.७ पट. लिटर प्रति मोल आणि घनमीटर प्रति किलोमोल यांचा आकडा एकच असतो, तिथे नुकसान नाही. गोंधळ सुरू होतो तो घनमीटर प्रति मोल आल्यावर.

आता आकारमान. इनिशिएटरची संहती काढताना भागायचं ते थेंबातल्या सेंद्रिय भागाच्या आकारमानाने, रिॲक्टरच्या आकारमानाने नाही. ईएचपी पाण्यात जवळजवळ उतरत नाही. ३५ टन व्हीसीएम ५७ °सेला सुमारे ४१.८ घनमीटर होतं. याऐवजी पाण्यासकट ८७ घनमीटरने भागलं की इनिशिएटरची संहती निम्म्याखाली येते आणि मग तो तोटा भरून काढायला केपी फुगवावा लागतो. शिवाय हे आकारमान स्थिर नसतं. व्हीसीएमची घनता ५७ °सेला साधारण ८३७, पीव्हीसीची १,३९० किलो प्रति घनमीटर. ७० टक्के कन्व्हर्जनपर्यंत सेंद्रिय भाग ११.६ घनमीटरने, म्हणजे मूळच्या २८ टक्क्यांनी आकसतो. एवढ्या आकुंचनाने वेग तब्बल १८ टक्के वाढतो. मॉडेलमध्ये आकारमान गोठवलं असेल, तर सुरुवात जुळवल्यावर उत्तरार्ध कायम मागे पडणार, आणि लोक त्याला "जेल परिणाम (दाट पॉलिमरमध्ये समाप्ती मंदावून वेग वाढणं) कमी पडतोय" म्हणणार.

३. कोडच्या चार चाचण्या

प्लँटचा एकही आकडा न वापरता कोड स्वतःशी खरा आहे का, ते बघा.

इनिशिएटर शून्य करा: कन्व्हर्जन शून्य राहिलं पाहिजे. इनिशिएटर चौपट करा, तापमान पक्कं बांधून: सुरुवातीचा वेग दुप्पट झाला पाहिजे. चारही जागी असलेला मोनोमर, म्हणजे मोनोमर-फेज (थेंबातला मोकळा द्रव मोनोमर), पॉलिमर-फेज (मोनोमर शोषलेलं पॉलिमर), पाणी आणि वरचा वायू, अधिक पॉलिमर, यांची बेरीज बॅचभर ३५ टनच राहिली पाहिजे. फरक दहा लाखांत एका भागापलीकडे, म्हणजे ३५ ग्रॅमपलीकडे जायला नको.

चौथी चाचणी के-व्हॅल्यूच्या तक्रारीसाठी. व्हीसीएममध्ये साखळीची लांबी मुख्यतः मोनोमरकडे होणारं साखळी-संक्रमण (वाढती साखळी थांबून मोनोमरपासून नवी सुरू होणं) ठरवतं. ५७ °सेला हा संक्रमण-स्थिरांक सुमारे ०.००१३ येतो, त्यामुळे सरासरी साखळी ७५० एककांच्या आसपास. इनिशिएटर दुप्पट केला तर मॉडेलमधला सरासरी रेणुभार जेमतेम हलला पाहिजे. धाडकन उतरला, तर संक्रमणाचा भाग लिहिताना काहीतरी सुटलंय. आणि प्लँटची के-व्हॅल्यू सरकत असेल, तर संशयाची सुई आधी तापमानाकडे वळवा, इनिशिएटरकडे नाही. एक अंश वाढला की साखळी साधारण २.५ टक्के आखूड होते.

४. दाबावरून तापमान तपासणं

ही फुकटातली सर्वांत चांगली तपासणी आहे आणि तरी क्वचितच केली जाते. थेंबात स्वतंत्र मोनोमर-फेज शिल्लक असेपर्यंत वरचा दाब म्हणजे व्हीसीएमचा संपृक्त बाष्पदाब. ५७ °सेला तो ८.६५ बार ॲबसोल्यूटच्या जवळ. त्यात पाण्याची वाफ ०.१७ बार. एकूण ८.८. एका अंशाला दाब सुमारे ०.१९ बारने बदलतो.

मग २० ते ६० टक्के कन्व्हर्जनच्या दरम्यानचा दाब घ्या आणि त्यावरून तापमान काढा. आरटीडी (तापमानाचा सेन्सर) ५७.० सांगतोय आणि दाब ५८.० सांगतोय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. आरटीडी बॅफलच्या आडोशाला किंवा थंड भिंतीलगत असेल तर तो कमी दाखवतो. तापमानाच्या एका अंशाने ईएचपीचा केडी जवळपास १४ टक्के हलतो, त्यामुळे हा एक अंश मॉडेलमध्ये सहज ७-९ टक्के वेगाचा फरक आणतो.

दाब जास्त येण्याचं आणखी एक कारण असतं: आत राहिलेला नायट्रोजन किंवा हवा. दोन्ही वेगळं करता येतं. आकुंचन भरून काढायला पाणी सोडत नसाल, तर वायूची जागा बॅचमध्ये १३ वरून जवळपास २५ घनमीटर होते, म्हणून वायूमुळे आलेला जादा दाब हळूहळू निम्म्यावर येतो. सेन्सरची चूक मात्र तेवढीच राहते. पाणी सोडत असाल तर ही युक्ती चालणार नाही, वायूची जागा बदलतच नाही.

५. इनिशिएटर आणि ऑक्सिजन

ईएचपी बऱ्याचदा पाण्यातल्या इमल्शनच्या रूपात येतं, ६० टक्क्यांच्या आसपास. नमुना बॅचमध्ये १७.५ किलो शुद्ध म्हणजे २९ किलो इमल्शन. नोंदवहीतले २९ जसेच्या तसे मॉडेलमध्ये गेले तर वेग २९ टक्के फुगतो. पिंपावरचा लॉट नंबर काढून त्या लॉटच्या ॲक्टिव्ह ऑक्सिजनचा (खऱ्या पेरॉक्साइडच्या प्रमाणाचा) अहवाल मिळवा. गोदामाचं तापमान मध्ये चढलं असेल तर पिंपावर छापलेला आकडा खरा राहत नाही. इथे मॉडेल दुरुस्त करायचं नसतं, साठवणीचा माणूस गाठायचा असतो.

विघटनाचे आकडे कोडमध्ये नीट उतरलेत का? ईएचपीचं अर्धायुष्य ४७ °सेला १० तास आणि ६४ °सेला १ तास. सक्रियण ऊर्जा १२२ किलोज्यूल प्रति मोल घातली, तर ५७ °सेला २.५ तास येतं. कोडकडून हे तीन आकडे काढून घ्या. ते क्लोरोबेंझीनमध्ये मोजलेले असतात, व्हीसीएममध्ये थोडं वेगळं वागू शकतं, म्हणून कार्यक्षमता आणि केडीचा गुणाकार १०-१५ टक्के हलवणं रास्त आहे. दुप्पट करावा लागला तर थांबा, चूक दुसरीकडे आहे.

सुरुवातीची १०-२० मिनिटं प्लँटमध्ये काहीच घडत नाही आणि मग वक्र मॉडेलसारखाच चढतो, असं दिसलं तर ऑक्सिजन बघा. उरलेली हवा व्हीसीएमशी मिळून पॉलिपेरॉक्साइड बनवते आणि तोवर रॅडिकल खाऊन टाकते. ते पेरॉक्साइड पाण्याशी फुटून हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं, म्हणून स्लरीचा पीएच उतरलेला असतो. पीएचची नोंद असेल तर पुरावा हातात आहे. मॉडेलमध्ये प्रेरणकाळ घालायचा तर तो निर्वाताच्या आकड्याशी जोडा. मोकळा गुणांक ठेवलात तर तो इतर सगळ्या चुका गुपचूप गिळून बसतो.

६. उष्णतेचा हिशेब

प्लँटमधलं कन्व्हर्जन कोणी थेट मोजत नाही. ते जॅकेटच्या पाण्यातून काढलेलं असतं: प्रवाह गुणिले आत-बाहेरच्या तापमानाचा फरक. मॉडेल ज्या "खऱ्या" वक्राशी जुळवायचं म्हणतो, तोच वक्र असा एका गणिताचं उत्तर असतो. आधी तोच तपासा.

जॅकेटचा प्रवाह ताशी ३०० घनमीटर धरा. म्हणजे एका अंशाच्या फरकाला ३४९ किलोवॅट. वेग ताशी २२ टक्के असताना रिॲक्टर ३,२९० किलोवॅट सोडतो आणि फरक ९.४ अंश दिसतो. पण सुरुवातीला, वेग ताशी ३ टक्के असताना, ४५० किलोवॅट आणि फरक फक्त १.३ अंश. दोन आरटीडींमध्ये ०.३ अंशाची तफावत असेल तर शिखरावर चूक ३ टक्के आणि सुरुवातीला २३ टक्के. "सुरुवातीचा तास जुळत नाही" हे लक्षण अर्ध्याअधिक वेळा इथून येतं. सहा तासांत हीच तफावत २,२६० मेगाज्यूल जमा करते, कन्व्हर्जनचे चार गुण (म्हणजे ८६ ऐवजी ९० टक्के, असे).

तपासायचं कसं? दोन्ही आरटीडी एकाच पाण्यात ठेवून बघणं सर्वांत खात्रीचं. ते जमत नसेल तर पाण्याची कोरी बॅच चालवा. व्हीसीएम नाही, नुसतं पाणी, ५७ °से, ढवळणी चालू बॅचच्या वेगाने, तासभर. जॅकेटमधून जी उष्णता निघते ती ढवळणीची वजा आजूबाजूला जाणारी. आकडा ऋण किंवा भलताच मोठा आला तर सेन्सर बोलतोय, रिॲक्टर नाही.

याच बॅचमधून दुसरा विसरलेला हिस्सा मिळतो. ढवळणीचे १२० किलोवॅट धरले तर सहा तासांत २,५९० मेगाज्यूल, म्हणजे कन्व्हर्जनचे ४.८ गुण. ते न वजा करता सगळी उष्णता अभिक्रियेच्या खात्यात घातली की ८६ चे ९१ होतात. उलट बाजूने, आकुंचन भरायला ३० °सेचं ११.६ टन पाणी आत गेलं असेल तर ते तापायला १,३१० मेगाज्यूल खातं. हे पाणी हिशेबात धरलं नाही तर कन्व्हर्जन कमी दिसतं. दोन्ही विसरणाऱ्याचा हिशेब अपघाताने बरा निघतो आणि एकच आठवणाऱ्याचा बिघडतो. म्हणून "एक सुधारणा केली आणि जुळणं वाईट झालं" हे ती सुधारणा चुकीची असल्याचं लक्षण नाही.

तिसरा हिस्सा साठणारी उष्णता. पाणी, व्हीसीएम आणि ४० टन पोलाद मिळून अंशाला २५७ मेगाज्यूल. तापमान दहा मिनिटांत अर्धा अंश चढलं तर २१४ किलोवॅट आतच राहिले. हा भाग वगळला तर कंट्रोलरचा प्रत्येक झोका कन्व्हर्जनच्या वेगात लाट म्हणून उमटतो. मात्र कच्च्या तापमानाचा उतार काढू नका, नुसता गोंगाट मिळेल. १०-१५ मिनिटांच्या खिडकीतून सॅव्हिट्स्की-गोले पद्धतीने उतार काढा. साधी मागची सरासरी घेतली तर वक्र उशिरा धावतो आणि तपासणी १ मधला घोळ मागच्या दाराने परत येतो.

कंडेन्सर असेल तर त्याचंही वेगळं खातं हवं. नायट्रोजन साठला की कंडेन्सर आंधळा होतो आणि भार निमूटपणे जॅकेटवर सरकतो. दोन्ही बाजूंचा हिशेब नसेल तर हे कळतच नाही.

हिशेब बंद झाला का, याची एकच कसोटी: उष्णतेवरून आलेलं शेवटचं कन्व्हर्जन, आणि वाळलेलं रेझिन अधिक परत मिळालेला मोनोमर यांच्या वजनावरून आलेलं. दोन गुणांच्या आत आले तर पुढे जा. नाही आले तर उरलेल्या तपासण्या करण्यात अर्थ नाही.

७. भिंतीवरचा थर

साफसफाईनंतर जुळतं आणि नंतर बिघडत जातं, याचं उत्तर बहुधा भिंतीवर असतं. पीव्हीसीची उष्णतावाहकता ०.१७ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. स्वच्छ भिंतीतून उष्णता जाण्याचा एकूण गुणांक ५०० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन असेल, तर एक दशांश मिलिमीटर थराने तो ३८६ वर येतो आणि अर्ध्या मिलिमीटरने २००च्या आसपास. नखाच्या जाडीएवढा थर, आणि थंड करण्याची ताकद निम्म्याहून कमी.

पण एक भेद ओळखा. कन्व्हर्जन जॅकेटच्या प्रवाह आणि तापमानफरकावरून काढत असाल, तर थराने त्याला काही होत नाही. ते गुणांक, क्षेत्रफळ आणि आत-जॅकेट फरक यांच्या गुणाकारावरून काढत असाल, तरच बॅचगणिक चूक वाढत जाते. तेव्हा कन्व्हर्जनसाठी पहिली पद्धत वापरा आणि गुणांक हे मॉडेलचं उत्तर असू द्या. मागच्या साफसफाईपासून कितवी बॅच, या क्रमांकासमोर तो मांडला की थर किती वेगाने चढतोय ते उघड दिसतं.

८. प्रेशर ड्रॉपची जागा

मॉडेलमध्ये दाब उतरण्याची जागा फ्लोरी-हगिन्स गुणांकावर (मोनोमर पॉलिमरमध्ये किती मुरतो ते ठरवणाऱ्या आकड्यावर) टेकलेली असते. ५७ °सेला तो ०.८८ घेतला तर संपृक्त पॉलिमर-फेजमध्ये वजनाने सुमारे २९ टक्के मोनोमर राहतो, आणि मोनोमर-फेज ७१ टक्के कन्व्हर्जनला संपते. ०.९८ धरला तर हीच जागा ७७ वर जाते. एका दशांशाला सहा गुण. कमी तापमानाला मोजलेला गुणांक जसाच्या तसा वापरणं हे इथलं नेहमीचं पाप.

शिवाय पाण्यात आणि वायूत बसलेला मोनोमर धरला आहे ना? ४५ टन पाण्यात सुमारे ४५० किलो विरघळतो, वायूत ३०० ते ५८०. तो थेंबातल्या मोनोमरमधून वजा केला नाही तर ही जागा ७१ ला, केला तर ६९ च्या जवळ. ८५ टक्क्यांना मॉडेलने दाबातली घट साधारण १.९ बार दाखवली पाहिजे. प्लँटमध्ये बॅच ज्या घटीला थांबवतात त्याच्याशी ताडून बघा.

९. सॉल्व्हर

मोनोमर-फेज संपते तिथे समीकरणं बदलतात. साधी जर-तर ओळ घातली की सॉल्व्हर त्या कड्यावर पुढे-मागे करत राहतो. तिथे घटना म्हणून थांबवा, अवस्था नोंदवा, नवीन समीकरणांनी पुन्हा सुरू करा. सुरुवात कन्व्हर्जन शून्यावर न करता ०.१ टक्क्यावर करा. तिथे पॉलिमर-फेज जन्मते, शून्यावर तिच्या आकारमानाने भागाकार फुटतो.

निरपेक्ष सहिष्णुता प्रत्येक राशीला वेगळी द्या. १७.५ किलो ईएचपी म्हणजे फक्त ०.०५ किलोमोल. सगळ्यांना सरसकट ०.००१ दिली तर सॉल्व्हरने इनिशिएटरमध्ये २ टक्क्यांची चूक तुमच्या परवानगीने केली. रॅडिकलची समीकरणं सोडवत असाल तर ताठर समीकरणांसाठीची पद्धत हवी, नाहीतर स्थिर-अवस्थेचं गृहीतक घेऊन मोकळे व्हा. पीव्हीसीत त्याने नुकसान होत नाही.

१०. आता स्थिरांक

इथपर्यंत सगळं बंद असेल तरच. वेगाच्या सूत्रात कार्यक्षमता, केडी, केपी आणि केटी एकत्र गुंफलेले येतात. एकाच तापमानाच्या बॅचवरून ते सुटे होत नाहीत. संगणक आकडे देईल, पण दोन गुणांकांचा सहसंबंध ०.९८ दिसला की समजा त्यातला एक थापच आहे. केपी आणि मोनोमर-फेजमधला केटी साहित्यातला धरून बांधा. मोकळे ठेवा दोनच: कार्यक्षमता-केडीचा गुणाकार, आणि पॉलिमर-फेजमधली समाप्ती मोनोमर-फेजच्या किती पट मंद, हे गुणोत्तर. पहिला सुरुवातीचा उतार ठरवतो, दुसरा शिखराचा वेग. अब्देल-अलीम आणि हॅमिलेक यांनी १९७२ मध्ये दोन फेजचं मॉडेल शेवटच्या टप्प्यापर्यंत नेलं, त्या मांडणीत हे वेगळेपण आधीपासून आहे.

किमान पाच-सहा बॅच घ्या, ज्यांत इनिशिएटरची मात्रा वेगवेगळी आणि तापमानं दोन-तीन असतील. एक बॅच कपाटात ठेवा. बसवणी झाल्यावर ती न बसवता चालवा. ती चुकली तर बसवणी झालीच नाही, बाकीच्या कितीही देखण्या असोत.

७० टक्क्यांपुढे, पॉलिमर काचेसारखं होऊ लागलं की केपीही मंदावतो. या टप्प्याला स्वतःचा गुणांक लागतो. तो आधीच्या टप्प्यातल्या बसवणीत मिसळू नका.

कणांच्या आकाराचं मॉडेल हा वेगळा विषय आहे, त्याच्या दोनच गोष्टी इथे. कणांच्या आकाराचे जे विभाग पाडलेत त्यांची संख्या ४०, ८०, १६० करून बघा: सरासरी व्यास एक टक्क्याहून जास्त हलला तर आधी जाळी सुधारा. आणि थेंब जुळण्याच्या पदात अर्धा गुणक राहिला का, ते तपासा, नाहीतर प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते.

इथे थांबा, माणूस बोलवा

आरटीडी, प्रवाहमापक, दाबाचा ट्रान्समीटर यांना स्वतः हात लावू नका. ते ट्रिपला (धोका दिसताच रिॲक्टर आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) जोडलेले असतात. इन्स्ट्रुमेंटच्या माणसाकडूनच, परवान्यासह. कोरी पाण्याची बॅचही उत्पादन विभागाच्या संमतीनेच चालवायची.

चालू रिॲक्टरमधून नमुना घेणं किंवा थर बघायला आत उतरणं हे मॉडेल करणाऱ्याचं काम नाही. व्हीसीएम आयएआरसीच्या (आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या) यादीत गट १ मधलं कर्करोगकारक आहे, आणि अमेरिकेच्या ओशाची (कामगार-सुरक्षा विभागाची) मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १ पीपीएम आहे. बंदिस्त जागेचा परवाना, हवेची तपासणी आणि बाहेर उभा माणूस नसेल तर झाकणाजवळही नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं: थंड करणं बंद पडलं तर काय होईल, रिलीफ व्हॉल्व्ह पुरेल का, या प्रश्नांची उत्तरं या मॉडेलकडून घेऊ नका. नमुना बॅचमध्ये सगळी उष्णता आतच राहिली तर कागदावर २१० अंशांची वाढ होते. अर्धं कन्व्हर्जन झालेलं असलं तरी शंभराच्या वर. ५० ते ६५ °सेच्या आकड्यांवर बसवलेलं मॉडेल तिथे काहीही सांगेल, आणि आत्मविश्वासाने सांगेल. रिलीफमधून फेस आणि द्रव एकत्र निघतात, रिलीफचा आकार डायर्सच्या (आपत्कालीन रिलीफच्या रचनेवर काम करणाऱ्या गटाच्या) पद्धतींनी आणि ॲडिॲबॅटिक कॅलरीमीटरच्या मोजमापांवरून प्रक्रिया-सुरक्षेचे तज्ज्ञ काढतात. तसंच, मॉडेल म्हणतंय म्हणून इनिशिएटर वाढवायचा असेल तर तो प्रस्ताव आधी त्यांच्याच टेबलावर जातो, सोबत थर चढलेल्या भिंतीचा गुणांक घेऊन, स्वच्छ भिंतीचा नव्हे.

उष्णतेचा हिशेब दोन गुणांत बंद, दाब आणि तापमान एकमेकांशी सुसंगत, के-व्हॅल्यू बरोबर, आणि तरीही सगळ्या बॅच एकाच दिशेने पाच टक्क्यांहून जास्त चुकत असतील, तर पॉलिमरायझेशनच्या गतिशास्त्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे जा. त्यांना बसवलेले स्थिरांक देऊ नका. कच्च्या नोंदी, इनिशिएटरच्या लॉटचा अहवाल आणि कोऱ्या बॅचचे आकडे द्या.